प्राथमिक शाळेचे वेळापत्रक आणि आपली मुले

महागाई भत्ता, रिक्त पदे, निवृत्तिवेतन आणि कंत्राटीकरण हे या पानाचे नेहमीचे विषय. या वेळी आम्ही पहिली ते पाचवीच्या शाळेत काय शिकवले जाते, हा विषय घेत आहोत. हा युनियनचा विषय नव्हे, असे काही सभासद म्हणतील. त्यांना एका गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. आज देशभर पसरलेली केंद्रीय विद्यालये शिक्षण खात्याच्या एखाद्या स्वप्नातून निघालेली नाहीत. बदलीवर जाणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांची परवड थांबवण्यासाठी दुसऱ्या वेतन आयोगाने शिफारस केली, नोव्हेंबर १९६२ मध्ये सरकारने योजनेला मान्यता दिली आणि १९६३ मध्ये सैन्याच्या २० रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन ती सुरू झाली. म्हणजे कर्मचाऱ्यांच्या मुलांनी कोणत्या शाळेत, कोणत्या पुस्तकांतून शिकावे हा प्रश्न वेतन आयोगापुढे एकदा येऊन गेलेला आहे. आपण तो पुढे रेटला नाही, एवढेच.

प्राथमिक अभ्यासक्रम व्यापक आणि समतोल असावा, याबद्दल कागदावर कोणाचेच दुमत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ याचे कलम २९ काढून पाहावे. राज्यघटनेतील मूल्यांशी सुसंगती, मुलाचा सर्वांगीण विकास, शारीरिक व मानसिक क्षमतांची पूर्ण वाढ, कृतीतून व शोधातून शिक्षण, शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण आणि भयमुक्त वातावरण, हे सारे त्यात आहे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण हेच सांगते. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तर कला आणि शारीरिक शिक्षण यांना भाषा-गणिताच्या पंक्तीला बसवले. एनसीईआरटीने २०२४ मध्ये तिसरीसाठी कलेचे ‘बांसुरी’ आणि खेळाचे ‘खेल योग’ अशी स्वतंत्र पुस्तके काढली. पुस्तके चांगली आहेत. त्यांच्याशी आमचे भांडण नाही.

प्रश्न वेगळ्याच ठिकाणी अडतो आणि तो रेल्वेतील माणसाला चटकन समजेल. गाडी वेळापत्रकात छापली म्हणून धावत नाही. तिला रेक लागतो, मार्ग मोकळा लागतो, आणि विश्रांती पूर्ण झालेले लोको पायलट व गार्ड लागतात. यांपैकी एक नसले तर ती गाडी कागदावरच राहते. शाळेतील विषयाचेही असेच आहे. त्याला तासिका लागते, शिक्षक लागतो आणि थोडे साहित्य लागते. अभ्यासक्रमाच्या समितीत नामवंत मंडळी बसून विषयांची यादी ठरवतात. पण मुलाच्या वाट्याला प्रत्यक्षात काय येणार हे ठरते मंजूर पदांवर आणि भरलेल्या पदांवर. ही भाषा आपल्याला कोणी शिकवायला नको.

कायद्याच्या परिशिष्टातच आकडे दिले आहेत. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन, म्हणजे दिवसाला चार तास. पटसंख्या ६० पर्यंत असेल तर शिक्षक दोन. आता गावातील पाचवीपर्यंतची दोनशिक्षकी शाळा डोळ्यांसमोर आणा. आपल्या ग्रामीण डाकसेवकांची मुले बहुधा अशाच शाळेत जातात. दोन शिक्षकांचे मिळून दिवसाला आठ तास आणि इयत्ता पाच. प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला शिक्षकाचा वेळ येतो एक तास छत्तीस मिनिटे. त्यात मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास, कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण असे सात विषय बसवायचे. एकेका विषयाला चौदा मिनिटेही पुरती येत नाहीत. हे झाले दोन्ही शिक्षक हजर असतील तेव्हाचे. एक शिक्षक निवडणुकीच्या कामावर किंवा जनगणनेला गेला (आणि या दोन्ही कामांना कायद्याच्या कलम २७ नेच सूट दिली आहे), की हिशेब निम्म्यावर येतो. हुशार शिक्षक दोन-तीन इयत्ता एकत्र बसवून यातून वाट काढतात, हे आम्ही जाणतो. चित्र, गाणे, खेळ, मातीकाम हे विषय लहान-मोठ्या मुलांनी मिळून करण्यासारखेच आहेत. एकत्र बसवण्याचा फायदा सर्वांत अधिक त्यांना मिळाला असता. पण ताण आला की शाळा सर्वांत आधी तेच सोडून देते.

तेच का सुटतात, याचे उत्तरही परिशिष्टात आहे. कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी कायद्याने अंशकालीन निदेशक सांगितले, पण ते सहावी ते आठवीला आणि तेही पट शंभरावर असेल तरच. पहिली ते पाचवीला या विषयांचा स्वतंत्र माणूस नाही. ज्या विषयाला पद नाही त्याची चौकशी कोणी करीत नाही. पद रिक्त असले तर निदान भरतीची मागणी करता येते. येथे पदच निर्माण झालेले नाही.

यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुलांना धड वाचता येत नाही, तेथे गाणी आणि चित्रे कसली घेऊन बसलात? ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत तिसरीतील चार मुलांपैकी साधारण एकालाच दुसरीचा उतारा वाचता आला. अशा वेळी आधी वाचन-गणित पक्के करा, बाकीचे मागाहून पाहू, असे म्हटले जाते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचा भर यावरच आहे. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचता यावे, साधे हिशेब करता यावेत, या उद्दिष्टाला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. कामगाराच्या मुलाला वाचता आले नाही तर त्याची पुढची सारी दारे बंद होतात.

पण ‘बाकीचे मागाहून’ या दोन शब्दांत मेख आहे. इंग्लंडने हा प्रयोग १८६२ साली करून पाहिला. त्या वर्षीच्या नव्या नियमावलीने शाळेचे अनुदान वाचन, लेखन आणि गणित यांच्या परीक्षेत किती मुले उतरली यावर बांधून टाकले. कारखान्यातील नगावर मजुरीचाच हा प्रकार. त्याचा परिणामही नगावरच्या मजुरीसारखाच झाला. तपासनीस जे मोजणार तेवढेच शिक्षक करू लागले. मुलांकडून ठरलेले पुस्तक पाठ करून घेऊ लागले, आणि इतिहास, भूगोल मागे पडले. कवी मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः शाळा तपासनीस होते. त्यांनीही या पद्धतीला विरोध केला. ती पुरती मोडीत निघायला १८९० चे दशक उजाडले. आपल्याकडे मुंबई इलाख्यातही खासगी शाळांना निकालावर अनुदान देण्याची रीत त्याच काळात आली होती. आज पैसे असे थेट बांधलेले नाहीत. पण वरून येणाऱ्या तक्त्यात दोनच रकाने असले तर शाळा दोनच रकान्यांपुरते काम करते. टार्गेटवर काम करणाऱ्या टपाल कर्मचाऱ्याला हे अधिक उकलून सांगायला नको.

शिवाय वाचन म्हणजे अक्षरे जोडणे एवढेच नव्हे. बंधारा काय असतो हे ठाऊक नसलेले मूल ‘बंधारा’ हा शब्द खणखणीत वाचील. अर्थ मात्र त्याच्या हाती लागणार नाही. परिसर अभ्यास, गोष्टी, प्रयोग आणि भटकंती यांतून जगाची ओळख होते आणि त्या ओळखीवर वाचन उभे राहते. परिसराच्या तासिका कापून वाचनाच्या वाढवल्या, तर वाचायचे कशाबद्दल?

येथे एक गोष्ट सहज आठवते. चौथीत कोणते विषय होते, असे कोणाही मराठी माणसाला विचारा. बाकीचे विसरला असेल, पण शिवछत्रपतींचे पुस्तक त्याला आठवते. ‘बालभारती’ने १९७० च्या सुमारास ते आणले आणि पिढ्यान् पिढ्या मुलांच्या हाती ते राहिले. वर्षभर एकच कथा सविस्तर सांगितली, म्हणून ती मनात रुजली. व्यापक अभ्यासक्रम म्हणजे शंभर गोष्टींचे तुकडे नव्हेत, हे यावरून ध्यानात यावे. समतोल म्हणजे समान वाटणीही नव्हे. ताटात भाकरी आणि लोणचे एका मापाने वाढत नाहीत. पहिली-दुसरीत भाषेला अधिक वेळ लागणारच. मुद्दा असा की ताटातील कोणतीही गोष्ट वर्षानुवर्षे ‘संपली’ असे सांगून मुलाला उठवू नये.

व्यापक प्राथमिक शिक्षणाची मागणी आपल्याकडे वरच्या वर्गाने केलेली नाही. ती केली जोतीराव फुल्यांनी. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे मागितलेच, शिवाय त्यात काय असावे तेही सांगितले. मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, सामान्य इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, आणि नीती व आरोग्य यांचे थोडे पाठ, अशी त्यांची योजना होती. शेतीचे शिक्षण प्रत्यक्ष देता यावे म्हणून शाळेला जोडून लहानसे नमुन्याचे शेत असावे, असेही त्यांनी सुचवले. आणि त्याच निवेदनात शिक्षकाला दरमहा निदान १२ रुपये पगार असावा, हेही लिहिले. विषय, शेत आणि पगार ही तिन्ही एकाच कागदावर मांडलेली. नंतरच्या कित्येक समित्यांनी पहिला भाग उचलला आणि उरलेले दोन सोडून दिले.

वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये परिषद भरली आणि ‘नयी तालीम’चा आराखडा डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तयार केला. हाताने काम करीत शिकावे हा विचार थोर होता, आणि श्रमाला शाळेत मानाचे स्थान देणारा तो पहिलाच मोठा प्रयत्न होता. पण समितीने सुचवलेले दिवसाचे वेळापत्रक पाहिले तर अडचण लगेच दिसते. साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगाला, म्हणजे सूतकताईसारख्या कामाला. मातृभाषेला चाळीस मिनिटे. संगीत, चित्रकला आणि गणित या तिन्हींना मिळून चाळीस. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञानाला मिळून तीस. व्यायामाला दहा. त्यातून मुलांच्या कामाच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा अशी अपेक्षा. आमच्या मते घोडे येथेच पेंड खाल्ले. मुलांच्या श्रमावर मोठ्यांचा पगार काढायचा म्हटले की ती शाळा राहत नाही. पुढे तर गावातील मुलांना मूलोद्योग आणि शहरातील साहेबांच्या मुलांना इंग्रजी शाळा अशी वाटणी झाली, आणि श्रमाचे शिक्षण हे गरिबांचे शिक्षण ठरले.

पुढच्या पिढ्यांना या विचाराचे अवशेषच पाहायला मिळाले. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये कार्यानुभव सांगितला. (आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूरकडचे.) १९७७ नंतर समाजोपयोगी उत्पादक कार्य आले. प्रत्यक्षात बहुतेकांच्या लक्षात राहिले ते काडेपेटीच्या काड्यांचे घर, आणि तेही रात्री जागून आईने केलेले. कोठारी आयोगाने सर्वांसाठी समान शाळाही सांगितली होती. ती शिफारस कोठे आहे, हे विचारायचीही आता सोय राहिलेली नाही.

१९९० च्या दशकात गाडीने दोन्ही दिशांना शिट्टी दिली. १९९१ मध्ये किमान अध्ययन क्षमतांचा आराखडा आला आणि भाषा, गणित व परिसर यांची क्षमतावार मोजणी सुरू झाली. तर १९९३ मध्ये प्रा. यशपाल यांच्या समितीने सांगितले की दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे मोठे आहे. पुस्तकांत माहिती कोंबलेली, ती समजून घेण्याइतका वेळ नाही, म्हणून मुले पाठ करतात. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. हे निदान आजही खोडून काढता येत नाही. प्रत्येक नव्या सरकारने काहीतरी वाढवले. काढून मात्र काही टाकले नाही.

वेगळ्या रीतीने करता येते, याचेही दाखले आहेत आणि ते आपल्या रुळांच्या कडेचेच आहेत. घोलवड स्टेशनजवळ बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये काम सुरू केले. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली. मूल शाळेत येत नाही, तर शाळा कुरणात नेली. पाने, खडे, बिया यांवरच मोजणी आणि निरीक्षण झाले. इटारसी, होशंगाबाद, बैतूल, हरदा या भागात आपले कितीतरी मराठी रेल्वे कर्मचारी राहतात. तेथे १९८७ पासून ‘एकलव्य’ संस्थेने ‘प्राशिका’ हा प्राथमिक कार्यक्रम सरकारी शाळांतून राबवला. भाषा, गणित आणि परिसर एकत्र गुंफणारी ‘खुशी-खुशी’ ही पुस्तके त्यासाठी तयार झाली. वेळ कमी असला तर विषय कापण्याऐवजी ते एकमेकांत गुंफता येतात, हे या कामाने दाखवले. अर्थात त्यासाठी शिक्षकांचे सततचे प्रशिक्षण, मासिक बैठका, शाळेला भेट देणारा माणूस, हे सारे लागत होते. २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने होशंगाबादचा विज्ञान कार्यक्रम बंद केला, आणि प्राथमिकचे कामही सरकारी शाळांतून थांबले.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या सभासदांना आणखी एक प्रश्न छळतो, तो मातृभाषेचा. भुसावळहून बिलासपूरला किंवा सोलापूरहून सिकंदराबादला बदली झाली की दुसरी-तिसरीतील मुलाचे मराठी तेथेच थांबते. राज्यघटनेत १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने कलम ३५०-अ आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ते सांगते. त्याही आधी, १९४९ मध्ये, शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने मान्य केले होते की वर्गात १० किंवा सबंध शाळेत ४० मुले त्या भाषेची असतील तर शिक्षक द्यावा. मोठ्या रेल्वे कॉलनीच्या शाळेत ४० मराठी मुले निघणे अवघड नाही. मोजली कोणी?

महाराष्ट्रात २०२५ मध्ये भाषेवरून मोठे रण माजले. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी आली, १७ जूनला त्यात बदल झाला, २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. सहा-सात वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादू नये, या मताचे आम्हीही आहोत. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहेच. परंतु त्या साऱ्या गदारोळात, तिसऱ्या भाषेच्या तासिका नेमक्या कोणत्या विषयातून काढणार, हा साधा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. सभा भाषेवर झाल्या, वेळापत्रकावर झाल्या नाहीत.

आता आपल्या हातात काय आहे ते पाहू. केंद्रीय विद्यालयांत प्राथमिकसाठी संगीत शिक्षकाचे पद आहे. म्हणजे सरकारला पहिली ते पाचवीला असा शिक्षक देता येतो. तेथे देते, जिल्हा परिषदेच्या शाळेत देत नाही. एकाच टपाल कार्यालयातील दोन पोस्टमनच्या मुलांत हा भेद आहे. एकाच्या मुलाला केंद्रीय विद्यालयात प्रवेश मिळाला, दुसऱ्याच्या नाही. रेल्वेच्या स्वतःच्या शाळा दुसऱ्यांकडे सोपवण्याची सूचना संजीव सन्याल यांच्या २०२१ च्या अहवालात आली. शाळा हस्तांतरित होते तेव्हा इमारतीची चर्चा होते. तेथील संगीत, चित्रकला, शारीरिक शिक्षणाच्या पदांचे काय होते, हे शाखांनी विचारले पाहिजे. शिक्षकांचे समायोजन आणि पदाचे अस्तित्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस दुसरीकडे सामावला जातो आणि पद गुपचूप रद्द होते, हे आपण आपल्या खात्यांत पुष्कळदा पाहिले आहे.

मुलांचा शिक्षण भत्ता सातव्या वेतन आयोगाने दरमहा २,२५० रुपये केला. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्याने १ जानेवारी २०२४ पासून तो २,८१२ रुपये ५० पैसे झाला. तो वाढलाच पाहिजे. पण भत्त्याने फी भरता येते. आपल्या वस्तीतील सरकारी शाळेला चित्रकलेचा शिक्षक मिळत नाही. प्रत्येकाने आपापले दोन-तीन हजार घेऊन खासगी शाळेच्या रांगेत उभे राहायचे आणि सार्वजनिक शाळा ओस पाडायची, हा मार्ग संघटित कामगारांना शोभणारा नाही. २०२५ मध्ये नेमलेल्या आठव्या वेतन आयोगापुढील मागण्यांत भत्त्याच्या कलमाशेजारी आणखी तीन गोष्टी असाव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे. केंद्र सरकारच्या व रेल्वेच्या प्रत्येक प्राथमिक शाळेत कला, संगीत आणि शारीरिक शिक्षणाची मंजूर व भरलेली पदे. १०-४० च्या निकषावर मातृभाषेचा शिक्षक. आणि शाळा हस्तांतरित करताना या पदांना संरक्षण. जिल्हा परिषदांच्या व नगरपालिकांच्या शाळांचा प्रश्न राज्यांकडे जातो. तेथे प्राथमिक शिक्षकांच्या संघटनांशी बोलून संयुक्त मागणी करावी लागेल. कायद्याने त्यांना तयारीसह आठवड्याला ४५ तासांचे काम सांगितले आहे. त्यातील किती तास ते खरोखर शिकवतात आणि किती तास माहिती भरण्यात जातात, हे त्यांनाच ठाऊक.

तोवर एक काम प्रत्येक शाखेला करता येईल. कलम २१ नुसार सरकारी व अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आपल्या सभासदांनी, विशेषतः भगिनींनी, या समित्यांवर जावे. भिंतीवर लावलेले वेळापत्रक उतरवून घ्यावे आणि दोन आठवडे मुलांना रोज विचारावे की आज काय झाले. छापलेल्या आणि प्रत्यक्ष झालेल्या तासिका शेजारी शेजारी लिहून, शाळेतील मंजूर व भरलेली शिक्षक पदे, एकूण पट आणि मराठी मुलांची संख्या यांसह तो कागद शाखा सचिवांमार्फत आमच्याकडे पाठवावा. शिक्षकाला जाब विचारण्यासाठी हे करायचे नाही, हे त्यांना आधी सांगावे. शक्य तर त्यांच्याच मदतीने तक्ता भरावा. आलेले तक्ते शाळांची नावे न देता याच विभागात छापले जातील आणि मागण्यांच्या निवेदनाला जोडले जातील.